खुलासा : ‘टू’नंतरही आयएनजी येतं
इंग्रजीत ‘टू’नंतर क्रियापदाचं मूळ रूपच येतं, आयएनजी लावलं की चूक, असा मेसेज फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. ‘आय वॉन्ट टू गो’ला नियम लागू पडतो. पण ‘लुक फॉरवर्ड टू’, ‘ऑब्जेक्ट टू’ यांतला ‘टू’ शब्दयोगी अव्यय आहे, म्हणून ‘आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू’ हेच बरोबर. पडताळायचं तर पुढे नाम ठेवून बघा: ‘लुक फॉरवर्ड टू द ट्रिप’ जमतं, ‘वॉन्ट टू द ट्रिप’ जमत नाही. चांगल्या शब्दकोशातही या नोंदींखाली आयएनजीचीच उदाहरणं आहेत. खरा घोळ ‘यूज्ड टू’चा: ‘आय यूज्ड टू ड्राइव्ह’ म्हणजे पूर्वी चालवायचो, ‘आय ॲम यूज्ड टू ड्रायव्हिंग’ म्हणजे सवय आहे. दोन्ही शुद्ध! तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका, विशेषतः परीक्षेला बसणाऱ्या मुलांना.