टॉवरपासून ३०० मीटर: मावशीला आलेल्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या मंगळवारी बेळगावात, वडगावला मावशीकडे गेले, तर वरची खोली बंद. दार ढकलून बघितलं तर खिडकीच्या काचेला आतून ॲल्युमिनियमचा कागद चिकटवलेला, डब्यात चपात्या गुंडाळतात तो. वहिनी कुठाय विचारलं. मावशी म्हणाली, "तिला माहेरी धाडली गं. हितं नको राहायला. तू वाचलं नाहीस काय ते?" आणि फोन माझ्या हातात दिला.

वहिनीला पाचवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्याकडे ठरलेलंच. पण ते सातव्यात ओटी भरून, वाजतगाजत. पाचव्यातच पिशवी भरून पाठवायची रीत कुठली? तिचं माहेर जांबोटीच्या पुढं, रानात. घरात रेंज नाही. देवळामागच्या टेकाडावर चढलं तर दोन कांड्या दिसतात, आणि पावसाळ्यात त्याही जातात.

हे सगळं ज्या मेसेजमुळं झालं तो आता गल्लीतल्या घराघरांत पोचलाय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: टॉवरपासून ३०० मीटरच्या आत राहणाऱ्या गरोदर बायकांचे गर्भ पडतात आणि मुलांना कॅन्सर होतो. हे जागतिक आरोग्य संघटनेनं आणि सुप्रीम कोर्टानं मान्य केलंय. रहिवासी भागात टॉवरला बंदी आहे, आणि महापालिकेची किंवा बुडाची (बेळगाव नगर विकास प्राधिकरणाची) परवानगी नसलेला टॉवर एका अर्जावर पाडता येतो. फाइव्ह-जीनं चिमण्या मारल्या. नव्या कायद्यानं सरकार कुणाच्याही घरावर जबरदस्तीनं टॉवर बसवणार. शेवटी, शंभर जणांना पाठवा.

आधी ३०० मीटरचं बोलते, कारण त्याच आकड्यानं वहिनीला घराबाहेर काढलं. केंद्राच्या दूरसंचार विभागाच्या नियमांत ३०० मीटर असा आकडाच नाही. त्यांच्या सूचनांत अंतर आहे, पण ते अँटेनाच्या थेट समोर आणि तेवढ्याच उंचीवर असलेल्या इमारतीसाठी: एक अँटेना असेल तर २० मीटर, दोन असतील तर ३५. कारण अँटेनाचा झोत बॅटरीच्या झोतासारखा समोर जातो, किंचित खाली झुकलेला. तो पायथ्याशी ओतला जात नाही. मावशीचं घर कौलारू, वर एकच मजला. टॉवर गल्लीच्या कोपऱ्यावर तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर. तिची खिडकी त्या झोताच्या कितीतरी खाली येते. शिवाय अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौथाईवर येते, मध्ये भिंत आली की आणखी कमी.

आता मेसेज लिहिणाऱ्याला कळलंच नाही ते. माणसाच्या अंगाशी सगळ्यात जवळ असतो तो टॉवर नव्हे, कानाला लावलेला फोन. आणि टॉवर जितका लांब तितका फोन जोर लावतो, कारण त्याला आपला आवाज तिथवर पोचवायचा असतो. जांबोटीकडे गेलं की फोन तापतो आणि दुपारपर्यंत बॅटरी उतरते, हे खानापूर तालुक्यातल्या कुणालाही विचारा. म्हणजे वहिनीला किरणांपासून वाचवायला जिथं पाठवलं, तिथं तिचा फोन वडगावपेक्षा जास्त जोरानं काम करतोय. मावशीच्या कागदाचंही तेच. त्या खोलीत फोन वापरला तर कागदामुळं सिग्नल अडतो आणि फोन आणखी ताकद लावतो. तो फोनसुद्धा त्याच्या मर्यादेच्या आतच असतो, तेव्हा यालाही घाबरायचं कारण नाही. पण रात्री दोन वाजता वहिनीच्या पोटात दुखायला लागलं तर १०८ ला फोन करायला कोण चढणार ते टेकाड? याचा विचार मेसेज लिहिणाऱ्यानं केला नाही, आणि आम्हीही केला नाही.

गर्भ पडल्याचा एकही दाखला मेसेजमध्ये नाही. गाव नाही, दवाखाना नाही, साल नाही. नुसतं "डॉक्टर सांगतात".

जागतिक आरोग्य संघटनेचं नाव मात्र हवेतून आलेलं नाही, तेवढं मान्य करते. २०११ साली त्यांच्या कर्करोग संशोधन संस्थेनं रेडिओ लहरींना "कर्करोगाची शक्यता नाकारता येत नाही" अशा गटात, म्हणजे २-बी मध्ये टाकलं. पण तो निर्णय मुख्यतः वर्षानुवर्षं फोन कानाला लावून बोलणाऱ्यांच्या अभ्यासांवर होता, टॉवरशेजारी राहणाऱ्यांच्या नव्हे. त्याच गटात कोरफडीच्या पूर्ण पानाचा अर्कही आहे. पुढं याच संघटनेनं करवून घेतलेला मोठा आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९४ ते २०२२ मधले ६३ अभ्यास त्यात तपासले. फोनच्या वापराचा आणि मेंदूच्या कर्करोगाचा संबंध दिसला नाही. आणि टॉवरच्या लहरींचा लहान मुलांच्या रक्ताच्या किंवा मेंदूच्या कर्करोगाशी संबंध दिसला नाही. मेसेज २०११ वर थांबतो. मावशीला मी हे दोनदा वाचून दाखवलं.

आपल्याकडची मर्यादा किती कडक आहे हेही कुणी सांगत नाही. १ सप्टेंबर २०१२ पासून भारतात आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या भागाएवढीच परवानगी आहे. ९०० मेगाहर्ट्झला आंतरराष्ट्रीय मर्यादेत चौरस मीटरला ४.५ वॅट चालतात, आपल्याकडे ०.४५. तुमच्या भागातला टॉवर नियमात बसतो का, हे सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर नकाशात बघता येतं. विश्वास नसेल तर ४,००० रुपये भरून आपल्या दारात मोजणी करून घेता येते. मंडळाच्या वर्गणीतून एवढे पैसे सहज निघतील. मेसेज शंभर जणांना पाठवण्यापेक्षा हे करा.

सुप्रीम कोर्टाचंही अर्धंच खरं आहे. २०१७ च्या एप्रिलमध्ये कोर्टानं ग्वाल्हेरचा एक टॉवर बंद करायला लावला, एका कर्करोगग्रस्ताच्या तक्रारीवरून. तो एका टॉवरपुरता अंतरिम आदेश होता. टॉवरनं कर्करोग होतो असा निवाडा त्यात नव्हता.

आता महापालिका आणि बुडा. या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण यानं आमच्या गल्लीचं प्रत्यक्ष नुकसान झालंय.

कुणाच्या हातात काय आहे ते आधी नीट बघा. कुठली जमीन रहिवासी, कुठली व्यापारी, कुठं रस्ता, कुठं बाग, हे मास्टर प्लॅनमध्ये ठरतं आणि ते काम बुडाचं, १९६१ च्या कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायद्याखाली. लेआउटही तेच मंजूर करतात. शहरात घर बांधायचा परवाना महापालिका देते, कॅम्पात कॅन्टोन्मेंट बोर्ड, येळ्ळूर-कंग्राळीसारख्या गावांत ग्रामपंचायत. यातल्या कुणाकडेही लहरी मोजायचं काम नाही. तो विषय पूर्णपणे केंद्राच्या दूरसंचार विभागाचा. आणि परवानगीचं म्हणाल तर २०२२ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं नियम बदलले. खासगी इमारतीवर टॉवर उभारायला स्थानिक संस्थेची परवानगी लागणार नाही असं ठरवलं. कंपनीनं काम सुरू करायच्या आधी लेखी कळवायचं, आणि इमारत तो भार पेलेल असा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला सोबत द्यायचा. तेव्हा "परवानगी नाही म्हणून पाडा" हा अर्ज घेऊन गेलात तर रिकाम्या हातानं परत याल.

आमची गल्ली तशीच परत आली. गेल्या वर्षी सव्वाशे सह्यांचा अर्ज दिला. त्यात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत रेडिएशन. महिन्यानं कानडीत दोन ओळींचं उत्तर आलं. शेजारच्या पोरानं वाचून सांगितलं की हा विषय आमच्या अखत्यारीत नाही. झालं, सगळे म्हणाले पैसे खाल्ले. कुणी खाल्ले की नाही मला माहीत नाही. पण उत्तर बरोबर होतं, अर्जच चुकीच्या दारात गेला होता.

आणि अर्जात जे लिहायला हवं होतं ते कुणीच लिहिलं नाही. ती कोपऱ्यावरची इमारत मी लहानपणापासून बघते. खालचा मजला दगड-मातीचा, भिंती हातभर रुंद. वरचे दोन मजले नंतर चढवलेले. खाली आजही यंत्रमाग चालतात, दिवसभर खडखड, शेजारच्या घरातली फडताळावरची भांडी थरथरतात. त्याच्या डोक्यावर लोखंडी टॉवर. पश्चिमेच्या बाजूला गिलाव्याला वरून खाली चीर गेलीय, तिच्यात माझी करंगळी जाते. २०१९ च्या ऑगस्टच्या पावसात आपल्या जिल्ह्यात मातीच्या भिंती कशा बसल्या ते सगळ्यांनी पाहिलंय. त्या इमारतीचा मजबुतीचा दाखला कुणी दिला, कधी दिला, तळमजल्यावर माग चालतात हे इंजिनिअरनं धरलं होतं का? हे विचारायचा हक्क आहे. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. तो महापालिकेतच द्यायचा, आणि तिथं हा विषय अखत्यारीत नाही असं उत्तर देता येत नाही.

दुसरी गोष्ट जनरेटरची. हेस्कॉमची वीज गेली की तो सुरू होतो, मावशीच्या न्हाणीघरापासून पंधरा पावलांवर. रात्रीसुद्धा. रहिवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि जनरेटरचा आवाज त्याच्या पेटीपासून एक मीटरवर ७५ च्या वर जाता कामा नये. त्या जनरेटरच्या पेटीचं एक झाकण तुटून महिने झालेत. मावसोबांना झोप लागत नाही, खोकला येतो, आणि ते सगळं "टॉवरच्या किरणांनी" होतंय असं धरून बसलेत. किरणं नाहीत हो, डिझेलचा धूर आहे तो! तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करायची.

बागेच्या किंवा मैदानाच्या जागेत टॉवर आला तर भांडणाला वेगळा आधार आहे, १९८५ चा उद्यानं आणि मोकळ्या जागांचा कायदा. तिथं बुडाचा नकाशा काढून दाखवा, जागा बागेची आहे म्हणून सांगा. तिथंही लहरींचं नाव काढू नका.

चिमण्यांबद्दल फार लिहीत नाही. कमी झाल्या हे खरं. पण कौलं जाऊन स्लॅब आले, अंगणात धान्य पाखडायचं थांबलं, ते फाइव्ह-जीच्या कितीतरी आधी. फाइव्ह-जी आपल्या देशात आलं १ ऑक्टोबर २०२२ ला.

राहिला नवा कायदा. इथं मेसेजला थोडं मान्य करावं लागतं, आणि ते मला आवडत नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात कंपनीनं आधी मालकाशी करार करायचा असं आहे. पण मालकानं नकार दिला आणि केंद्र सरकारला सार्वजनिक हितासाठी गरज वाटली, तर जागा वापरायचा हक्क सरकार मिळवून देऊ शकतं. हे कलम २६ जून २०२४ पासून लागू आहे. त्यावर बोलायला हवं, आमदार-खासदारांना विचारायला हवं. पण घराची मालकी जात नाही, आणि "उद्या सकाळी कुणाच्याही गच्चीवर" असं त्यात कुठंही नाही. आमच्या कोपऱ्यावरचा टॉवर कुणी जबरदस्तीनं बसवलेला नाही. मालकानं भाड्यासाठी स्वतः करार केलाय.

मावशीला हे सगळं सांगून झाल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आणि तू म्हणतेस ते चुकलं तर?" मी तिला पोर्टलवर आमच्या कोपऱ्यावरचा ठिपका दाखवला आणि मोजणीचे ४,००० मी भरते म्हटलं. मोजणारे आले की तिच्या वरच्या खोलीतच मोजायला लावणार, खिडकीचा कागद काढून. रविवारी दादा गाडी घेऊन जांबोटीला जातोय.