पट्टीवर न दिसणारा कर

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "देश आम्ही नोकरदार चालवतो. शेतकरी एक रुपया कर भरत नाही आणि वर कर्जमाफी मागतो." खाली भराभर अंगठे आले. मी पुण्यात नोकरी करतो, दर महिन्याला पगारातून कर कापला जातो, त्यामुळे त्या चिडीतला निम्मा भाग मला कळतो. पण माझा धाकटा भाऊ चांदवड तालुक्यात कांदा पिकवतो. उरलेल्या निम्म्या भागाने रात्री झोप लागली नाही, म्हणून हे लांबलचक लिहितोय.

माझ्यासमोर भावाच्या दोन हिशेबपट्ट्या, म्हणजे मार्केटला माल विकल्याच्या पावत्या, आहेत. दोन्ही डिसेंबर 2023 च्या, दोन्ही लाल कांद्याच्या, ट्रॉलीत वीस-वीस क्विंटल माल. 4 तारखेच्या पट्टीवर भाव क्विंटलला 3,400. 20 तारखेच्या पट्टीवर 1,700. वावर तेच, वाण तोच, माल तसाच. मधल्या काळात केंद्र सरकारची अधिसूचना आली आणि 8 डिसेंबरपासून कांद्याची निर्यात बंद झाली. सगळी घसरण बंदीमुळेच झाली असं मी म्हणणार नाही, आवकही वाढत होती. पण बाहेरचं गिऱ्हाईक एका कागदाने नाहीसं झालं की आतला भाव कुठे जातो, हे त्या आठवड्यात मार्केटला उभा असलेल्या कुणालाही विचारा.

उन्हाळ कांदा असता तर कांदाचाळीत साठवून थांबता आलं असतं. लाल कांदा थांबत नाही. तो काढला की मिळेल त्या भावाने द्यायचा.

एका ट्रॉलीमागे 34 हजारांचा फरक. त्याच पट्टीवर हमाली, तोलाई, वाराई रुपया-रुपया लिहून कापलेली आहे. हे 34 हजार मात्र कुठेच लिहिलेले नाहीत. यालाच मी कर म्हणतो. शहरात कांदा स्वस्त राहावा या सार्वजनिक कामासाठी सरकारच्या हुकमाने एका माणसाच्या खिशातून पैसे गेले. त्याला दुसरं नाव मला सापडत नाही.

राज्यघटनेचं कलम 265 म्हणतं की कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येणार नाही. माझ्या पगारावरचा कर दरवर्षी संसदेत मांडला जातो, त्यावर चर्चा होते, दर सगळ्यांना माहीत असतो, फॉर्म 16 वर, म्हणजे कंपनीने दिलेल्या करकपातीच्या दाखल्यावर, आकडा असतो. निर्यातबंदीला आधी यातलं काहीच लागत नाही. 1992 च्या विदेश व्यापार कायद्याने सरकारला आदेश काढून निर्यात थांबवण्याचा अधिकार दिलाय, तेवढा पुरतो. निर्यातशुल्क असेल तर निदान सरकारच्या तिजोरीत काही जमा तरी होतं. बंदीत तेही नाही. शेतकऱ्याचं जातं आणि देशाच्या जमाखर्चात त्याची नोंदच होत नाही.

कर दिसतो तेव्हा त्याच्याशी भांडता येतं. 1902 साली गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्याच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलायला उभे राहिले, तेव्हा मिठावर मणाला अडीच रुपये कर होता. सरकार शिल्लक दाखवून मिरवत होतं. गोखल्यांनी सरकारचेच आकडे घेऊन दाखवलं की ही शिल्लक भरभराटीची नाही, लोकांवर गरजेपेक्षा जास्त कर लादल्याची आहे. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर अडीचचा दोन रुपये झाला आणि प्राप्तिकराची माफीची मर्यादा 500 वरून 1,000 रुपयांवर गेली. परक्या सरकारच्या सभागृहात हे जमलं, कारण कर कागदावर होता. माझ्या भावाने कोणता आकडा घेऊन उभं राहायचं?

शेतकरी संघटनेचे शरद जोशी याला 'उणे सबसिडी' म्हणायचे, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या ऐवजी भाव पाडून त्याच्याकडूनच काढून घेणं. चाकणच्या कांदा आंदोलनापासून ते एकच मांडत आले: सूट, सबसिडी नको, घामाचे दाम हवेत. त्यांची सगळी मतं मला पटत नाहीत, पण या जागी ते बरोबर होते असं मला वर्षागणिक जास्त वाटतं. आधी भाव पाडायचा, मग कर्ज थकलं की माफी जाहीर करायची. पहिली गोष्ट कुणाला दिसत नाही आणि दुसरी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येते. आमच्या ग्रुपवरचा तो मेसेज तिथूनच जन्माला आलाय.

आता कुणी विचारेल, मग धुणीभांडी करणाऱ्या बाईने 80 रुपये किलोचा कांदा घ्यायचा का? नाही. तिला मदत झालीच पाहिजे, आणि ती करणं मी सरकारचं कामच मानतो. पण ती आपण सगळ्यांनी मिळून करायची. रेशनच्या धान्याचं तसंच आहे. अन्न अनुदान अंदाजपत्रकात आकड्याने दिसतं, त्यात माझाही कर असतो. ऑगस्ट 2023 मध्ये सरकारने साठ्यातला कांदा 25 रुपये किलोने विकला. साठ्याचा माल बाजारात उतरला की भाव पडतो, म्हणून गावाकडे त्यालाही विरोध असतो आणि तो खोटा नाही. तरी मला तो मार्ग बंदीपेक्षा बरा वाटतो. खरेदी, विक्री आणि तोटा यांचा हिशेब तरी राहतो.

पैशाइतकीच दुसरी एक गोष्ट जाते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. भावाने त्या वर्षी जुलैत रोपासाठी उळं, म्हणजे कांद्याचं बी, टाकलं तेव्हा निर्यात खुली होती. ऑगस्टमध्ये 40 टक्के निर्यातशुल्क लागलं. ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलरची किमान निर्यात किंमत आली. डिसेंबरात बंदी. रोप टाकल्यापासून काढणीपर्यंत एकाच पिकात तीन वेळा नियम बदलला! आपला माल कुणाला विकायचा हे ज्याला ठरवता येत नाही, त्याला आपण स्वतंत्र माणूस कसं म्हणायचं? मी उद्या दुबईत नोकरी धरली तर मला कुणी अडवणार नाही. भावाचा कांदा मात्र दिल्लीला विचारून जहाजात बसतो.

भाव पाडायचं दुसरं हत्यार म्हणजे व्यापाऱ्याच्या साठ्यावरची मर्यादा, आणि तिथे दाद मागायला जागाही अपुरी आहे. 1955 चा आवश्यक वस्तू कायदा, ज्याच्या जोरावर साठ्यावर मर्यादा येतात, तो 1976 साली, आणीबाणीत, घटनेच्या नवव्या परिशिष्टात टाकला गेला. मूलभूत हक्कांच्या आधारे कोर्टात जाणं अवघड व्हावं, यासाठीच ते परिशिष्ट आहे.

माझं मागणं साधं आहे. शेतमालाची निर्यात रोखायचीच असेल, तर तो आदेश आधी संसदेपुढे मंजुरीला यावा, त्याची मुदत आधी ठरावी, आणि ज्यांनी आधीच लागवड केली आहे त्यांना फरकाची रक्कम अंदाजपत्रकातून मिळावी. त्यासाठी माझा कर वाढला तर मी भरेन, आणि हे मी विचार करून लिहितोय. बाकी सरकारने रस्ते बांधावेत, ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर ठेवावा, कोर्टात तारखांवर तारखा न पडता निकाल लावावा. एवढ्यालाच पैसा आणि माणसं कमी पडतात.

दोन्ही पट्ट्यांचे फोटो, नाव-नंबर झाकून, मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकले आहेत. सोबत माझ्या फॉर्म 16 चं पहिलं पानही. त्या वर्षीच्या डिसेंबरात माझ्या पगारातून जेवढा कर कापला गेला, त्याहून जास्त माझ्या भावाच्या एका ट्रॉलीतून गेला.