सिंहाची झोप आणि आपली

पहाटे पाच वाजता तंबूबाहेर कोणीतरी हळूच हाक मारतो आणि चहाचा थर्मास ठेवून जातो. दिवसातला पहिला सापळा हाच. केनियाचा चहा फर्मास असतो, पण मसाई मारा अभयारण्याचं फाटक सहाला उघडलं की पुढचे तीन-चार तास गाडीबाहेर पाय टाकता येत नाही. अर्धा कप प्यावा. दुसरा कप घेणाऱ्याला सव्वासातनंतर प्राणी दिसेनासे होतात. त्याला फक्त झुडपं दिसतात.

ही अडचण सांगायची तिथली सभ्य रीत म्हणजे ‘टायर तपासायचाय.’ मग गाइड बुटक्या गवताचा मोकळा तुकडा शोधतो, दुर्बिणीतून चारी बाजू न्याहाळतो आणि बोट दाखवतो ते गाडीच्या मागच्या चाकाकडे. जवळच छान दाट झुडूप असतं, पण तिकडे जायचं नाही. तो आडोसा आपल्याला जेवढा सोयीचा, तेवढाच सिंहिणीलाही.

आफ्रिका म्हणजे उकाडा, हा शाळेच्या भूगोलाने करून दिलेला गैरसमज. मारा विषुववृत्ताजवळ आहे खरं, पण आहे साधारण १५०० मीटर उंचीवर. उघड्या छताच्या गाडीत पहाटेचा वारा लागला की अर्ध्या चड्डीतली मंडळी टॉवेल मागतात. एकावर एक तीन कपडे घालावेत आणि अकरापर्यंत कांद्यासारखे सोलत जावेत. लँड क्रूझरमध्ये जागा धरायची तर मधल्या रांगेत. मागची रांग मागच्या चाकांवर येते, आणि एसटीच्या शेवटच्या बाकावर बसलेल्याला पुढचं सांगायला नको. गाइड त्याला ‘आफ्रिकन मसाज’ म्हणतो. रोज म्हणतो. रोज हसावं.

कॅमेऱ्यासाठी घरून रिकामी कापडी पिशवी न्यावी आणि तिथे पोहोचल्यावर तांदूळ किंवा राजमा भरून घ्यावी. छताच्या कडेवर ती ठेवून लेन्स टेकवली की हात थरथरत नाही. मात्र इंजीन बंद करायला सांगा, आणि त्या क्षणी डावीकडून उजवीकडे सरकू पाहणाऱ्या काकांनाही बसवा. गाडी स्प्रिंगवर असते. एकाने कूस बदलली की सगळ्यांचे बिबटे धूसर येतात. लेन्स गाडीत बदलू नये. ती बारीक धूळ सेन्सरवर एकदा बसली की सगळ्या आकाशांत गिधाडांसारखे ठिपके दिसतात.

रेडिओवरचं बोलणं स्वाहिलीत चालतं. तीन शब्द पाठ असले की पुरे: सिंबा म्हणजे सिंह, चुई म्हणजे बिबट्या, दुमा म्हणजे चित्ता. (‘गारी’ शिकावं लागत नाही, ती आपलीच गाडी.) ‘चुई’ ऐकू आलं की टोपी धरावी, कारण पुढच्या सेकंदाला गाडी उडते. दिशा घड्याळाच्या काट्यांवर सांगतात, बॉनेट म्हणजे बारा. ‘चुई, दोन वाजता’ असं गाइडने म्हटल्यावर ‘तोवर थांबायचं?’ असं विचारणारा निघतोच. बिबट्या शोधताना बिबट्या शोधू नये. आडव्या फांदीवरून सरळ खाली लोंबणारी शेपटी शोधावी. डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळी रेघ ओघळलेली असेल तर तो चित्ता, आणि तो बहुधा वारुळावर बसलेला असतो. जुन्नरचा माणूस मात्र हे सगळं शांतपणे ऐकतो. उसातला बिबट्या फुकट दिसतो, हे त्याला बोलून दाखवायचं नसतं.

नाश्त्याचा डबा झाडाखाली उघडतो, आणि वरून घार बघत असते. सँडविच छातीशी धरून, पाठ झाडाला लावून खावं. घरचा चिवडा प्लास्टिकच्या पिशवीत नेऊ नका. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगांना बंदी आहे, आणि २०२० पासून राखीव जंगलांत एकदा वापरून फेकायचं प्लास्टिकही चालत नाही. स्टीलचा डबा न्या. माकडांना तो उघडता येत नाही. घट्ट बसला तर आपल्यालाही येत नाही, पण ते निराळं.

वाइल्डबीस्ट नावाच्या मोठ्या हरणांचं नदी ओलांडणं पाहायचं तर जुलै ते ऑक्टोबर जावं आणि सोबत शब्दकोडं न्यावं. हजारोंचा कळप काठावर येतो, एक झेब्रा उतरतो, पाणी हुंगतो आणि परत फिरतो. मागचे सगळेही फिरतात. असं तीनदा. कळप पाण्यात उतरण्याआधी गाड्या काठाला भिडल्या तर चौथ्यांदाही.

आता सिंह. तो दिवसाचे वीस-वीस तास झोपतो. जुलै ते डिसेंबर परदेशी प्रौढाला सकाळी सहा ते संध्याकाळी सहा या बारा तासांच्या प्रवेशाचे २०० डॉलर पडतात. म्हणजे तासाला साडेसोळाच्या वर डॉलर देऊन आपण जागे राहतो आणि तो पोट वर करून घोरतो. एका सिंहाभोवती पाचच गाड्या, बाकीच्यांनी रांगेत थांबायचं, असा नियम आहे. त्यामुळे वाट्याला दहा मिनिटं येतात. त्यात तो एकदा कान हलवतो आणि साठ फोटो निघतात.

भर दुपारी मात्र तो उठतो. उघड्या माळावर सावली नसते, ती असते फक्त आपल्या गाडीची. तो सावकाश चालत येतो, सगळ्यांचे श्वास अडकतात, आणि मागच्या चाकाला पाठ टेकून तो पुन्हा आडवा होतो. आता इंजीन सुरू करायचं नाही, दार उघडायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. गाइड आसन मागे सरकवून टोपी डोळ्यांवर ओढून घेतो. नेमक्या याच वेळी शेवटच्या रांगेतून दबका आवाज येतो, टायर तपासायचा होता.