गुढीपाडव्याच्या रात्रीची ती पेटती रेघ, आणि आपला एलियनवरचा वाद

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. रात्री पावणेआठच्या सुमारास आकाशातून एक पेटती रेघ आडवी सरकत गेली. मागे तुटलेले तुकडे, प्रत्येकाला शेपटी. नागपुरात गच्चीवर होते त्यांनी पाहिली, अकोला, बुलढाणा, जळगावकडेही दिसली. थोड्याच वेळात व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ आले आणि त्यांच्यासोबत उत्तरंही आली: उल्का, पेटलेलं विमान, क्षेपणास्त्र, एलियन.

त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची एक भलीमोठी रिंग पडली. दोन-तीन मीटर व्यास, चाळीसेक किलो वजन. पवनपारला धातूचा गोळा सापडला. नागपूरपासून सरळ रेषेत हे सगळं शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. त्याच संध्याकाळी न्यूझीलंडहून इलेक्ट्रॉन नावाचं रॉकेट उडालं होतं, म्हणून पहिला संशय त्याच्यावर गेला. वेळ जुळत होती, ऐकायला पटतही होतं. पण इलेक्ट्रॉनचा घेर बघा: व्यास फक्त १.२ मीटर. त्यातून एवढी रिंग निघूच शकत नाही. चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा मात्र ३ मीटर व्यासाचा असतो, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या अशा एका रॉकेटचा तो टप्पा त्याच वेळी वातावरणात परत येणार होता. जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञांनी तो ओळखला. नंतर इस्रोच्या लोकांनी येऊन वस्तूंची पाहणी केली.

मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती लाडबोरीची माणसं. त्यांनी वस्तू फोडली नाही, भंगारात घातली नाही, पोलिसांना कळवलं. रिंग हातात राहिली म्हणून मोजता आली आणि मोजता आली म्हणून चुकीचं उत्तर गळून पडलं. नाहीतर आज चार वर्षांनीही आपण त्या व्हिडिओखाली भांडत बसलो असतो.

माझं म्हणणं असं आहे. आपल्याकडे एलियनचा वाद सुरू झाला की दोन वेगळे प्रश्न एकाच भांड्यात कालवले जातात. "काल मानेवाड्यावरून गेलं ते काय होतं?" हा एक. "विश्वात दुसरीकडे जीवसृष्टी आहे का?" हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा काही तासांत मिळू शकतं, फक्त कोणी नीट नोंद ठेवलेली नसते. दुसऱ्याचं उत्तर आज जगात कोणाहीकडे नाही. मग पहिल्याचा कच्चा पुरावा दुसऱ्यासाठी वापरला जातो, आणि दुसऱ्याबद्दलची आस्था पहिल्यात ओतली जाते. "सगळं थोतांड आहे" असं एका ओळीत लिहून निघून जाणारेही तितकेच चूक करतात, कारण तपास त्यांनीही केलेला नसतो.

आधी पहिल्या प्रश्नाचं बघू, कारण तो आपल्या हातातला आहे.

नागपूर देशाच्या मधोमध. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम अशी दोन्हीकडची विमानं डोक्यावरून जातात, शिवाय सोनेगावला उतरणारी वेगळी. उतरणाऱ्या विमानाचा पुढचा दिवा सरळ तुमच्याकडे रोखलेला असेल तर तो दोन-तीन मिनिटं एका जागी लटकल्यासारखा दिसतो. विमान वळलं की दिवा एकदम मंद होतो आणि लोक म्हणतात "झपकन गायब झालं". अशा वेळी लाल आणि हिरवा दिवा शोधा. लाल डाव्या पंखावर असतो, हिरवा उजव्या पंखावर. दोन्ही दिसले तर विषय संपला.

न लुकलुकता, एकसारख्या वेगाने, पाच-सहा मिनिटांत आकाश ओलांडणारा ठिपका म्हणजे बहुतेकदा अवकाश स्थानक. मोत्यांच्या माळेसारखे वीस-पंचवीस ठिपके एका ओळीत चालले असतील तर ते नुकतेच सोडलेले स्टारलिंक उपग्रह. ही माळ सूर्यास्तानंतर किंवा पहाटे दिसते, आणि मधल्या आकाशातच एकेक ठिपका विझतो, कारण तो पृथ्वीच्या सावलीत शिरतो. संक्रांतीच्या आसपास एलईडी लावलेले पतंग असतात. पश्चिमेला संध्याकाळी किंवा पूर्वेला पहाटे तासन् तास टिकणारा झगझगीत ठिपका दिसला तर आधी शुक्र तपासा.

एक गोष्ट मात्र फार कमी लोकांना माहीत असते. नागपूरच्या हवामान केंद्रातून रोज वरच्या हवेची मोजमापं करायला फुगा सोडतात. जगभरच्या ठरलेल्या वेळा आपल्या घड्याळाने सकाळ-संध्याकाळचे साडेपाच, आणि फुगा त्याच्या थोडा आधी सुटतो. सेकंदाला पाचेक मीटर चढतो, म्हणजे ३० किलोमीटरवर पोचायला त्याला तास-दीड तासाच्या वर लागतो. तिथे तो फुटतो. डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या पुढे-मागे मावळतो. खाली आपल्याकडे अंधार पडायला लागतो, पण १५-२० किलोमीटर उंचीवर ऊन अजून असतं, आणि तो फुगा त्या उन्हात पांढरा चमकत हळूहळू सरकतो. आवाज नाही, दिवा लुकलुकत नाही, वाऱ्याचा थर बदलला की दिशा बदलते. आणि मग एका क्षणी नाहीसा होतो. उडत्या तबकडीची जितकी वर्णनं वाचाल तितकी यात बसतील.

उल्का आणि परत येणारं रॉकेट यांतला फरकही वेगानेच कळतो. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने घुसते, दोन-तीन सेकंदांत खेळ खलास. रॉकेटचा तुकडा सेकंदाला सात-आठ किलोमीटरने, जवळजवळ आडवा येतो, म्हणून तो अर्धा मिनिट, मिनिटभरसुद्धा दिसतो आणि दिसता दिसता तुटतो. पाडव्याच्या रात्रीच्या व्हिडिओत हेच होतं. ज्यांनी मनातल्या मनात सेकंद मोजले, त्यांना तिथेच अर्धं उत्तर मिळालं.

आता नोंद कशी ठेवायची ते. फोन लगेच झूम करू नका. लांबचा ठिपका झूम केला की फोकस सुटतो आणि शुक्राचासुद्धा हिरा किंवा तबकडी होते. चित्रात आकाशाबरोबर पाण्याची टाकी, विजेची तार, कंगोरा असं काहीतरी जमिनीवरचं येऊ द्या. अंधारात एकट्या ठिपक्याकडे टक लावली की तो हलल्याचा भास होतो, विजेच्या तारेशी ताडून पाहिलं की भास जातो. चित्रात जवळच पथदिवा असेल तर त्याच्या बरोबर समोरासमोर, फोटोच्या मध्यबिंदूच्या पलीकडे, हिरवट डाग शोधा. तो भिंगाच्या आत परतलेला उजेड असतो. आणि मूळ फाइल जपा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की वेळ आणि जागेची माहिती पुसली जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते.

उंची मुठींनी मोजा. हात सरळ पुढे ताणून मूठ वळली की ती साधारण १० अंश झाकते. क्षितिजापासून डोक्यावरपर्यंत नऊ मुठी. "खूप वर होतं" याचा काही उपयोग नाही. "ईशान्येला, चार मुठी, ७:४६ ते ७:४७" याचा आहे.

आणि सगळ्यात पक्का उपाय म्हणजे दुसऱ्या गावातला माणूस. वर्धा नागपूरपासून सरळ रेषेत ६८ किलोमीटरच्या आसपास. समजा नागपुरात एक दिवा बरोबर डोक्यावर आहे. त्याच क्षणी वर्धेकराने नागपूरच्या दिशेला बघून मुठी मोजायच्या. दिवा ११ किलोमीटरवरच्या विमानाचा असेल तर त्याला तो क्षितिजाजवळ दिसेल, एक मूठही भरणार नाही. ८० किलोमीटरवर जळणारं रॉकेट असेल तर पाच मुठी. ४०० किलोमीटरवरचं अवकाश स्थानक असेल तर आठ. ड्रोन असेल तर त्याला काहीच दिसणार नाही. ग्रह-ताऱ्याच्या जागेत जाणवण्यासारखा फरकच पडणार नाही. दोन माणसं, दोन मुठी, आणि "किती उंचावर होतं" हा वाद तिथेच मिटतो. वेळ मात्र दोघांनी सेकंदापर्यंत लिहायला हवी, नाहीतर सरकत्या वस्तूचं सगळं गणित बिघडतं.

काही जमिनीवर पडलेलं सापडलं तर हात लावू नका. रॉकेटच्या टाक्यांत हायड्राझीनसारखं विषारी इंधन उरलेलं असू शकतं, आणि बंद गोळ्यात दाबही असू शकतो. लांबून फोटो काढा, शेजारी अंदाजासाठी काठी ठेवा आणि पोलिसांना कळवा.

एवढं सगळं करूनही एखादी नोंद न सुटलेली राहते. राहू द्या. तिला "माहिती अपुरी" म्हणा. अपुऱ्या माहितीतून परग्रहवासी निघत नाहीत, आणि ते नाहीत हेही त्यातून सिद्ध होत नाही.

दुसऱ्या प्रश्नाकडे येताना मला आपलं लोणार आठवतं. जून २०२० मध्ये तळ्याचं पाणी गुलाबी झालं आणि आठवडाभर मोबाइलवर नाना तर्क धावत होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दखल घेतली, नीरी या नागपूरच्या पर्यावरण संशोधन संस्थेने नमुने तपासले, पुण्याच्या आघारकर संस्थेनेही तपासले. खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव निघाले. पाऊस लांबला, पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि त्यांचा रंग तळ्याला चढला. खरं तर हे उत्तर कोणत्याही तर्कापेक्षा जास्त थरारक आहे. अशनीच्या आघाताने बेसॉल्टमध्ये झालेलं विवर, कपडे धुण्याच्या सोड्यासारखं पाणी, आणि त्यात जीव मजेत राहतोय. मंगळावरच्या जुन्या तळ्यांचा अभ्यास करणारे लोणारकडे बघतात ते यामुळेच.

म्हणूनच दुसरीकडे जीवसृष्टी असण्याची शक्यता मी खूप मोठी मानतो. सूर्यमालेबाहेरचे सहा हजारांहून जास्त ग्रह आज पक्के झालेत. पृथ्वीचं वय साडेचार अब्ज वर्षं, आणि साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीच्या जीवांच्या खुणा खडकांत आहेत, म्हणजे इथे जीव उभा राहायला फार उशीर झाला नाही. पण उदाहरण एकच आहे, आपलं. एका उदाहरणावरून सरासरी काढता येत नाही. आकाशगंगेत संपर्क साधू शकतील अशा संस्कृती किती, याचा अंदाज बांधायला फ्रँक ड्रेक या खगोलशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये मांडलेलं समीकरण अडतं ते इथेच. तारे किती, ग्रह किती, हे आकडे आता भरता येतात. जीव निर्माण होण्याची शक्यता किती, ही जागा अजून कोरी आहे. तिथे जो तो आपला स्वभाव भरतो.

जीव अंतराळातून पृथ्वीवर येतो का हे पाहायला जयंत नारळीकरांनी इस्रोसोबत प्रत्यक्ष प्रयोग केला. २००१ मध्ये आणि पुन्हा २००५ मध्ये हैदराबादहून मोठे फुगे ४१ किलोमीटरपर्यंत गेले, सोबत निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्या होत्या, त्यांत वरची हवा गोळा झाली. दुसऱ्या प्रयोगातून जिवाणूंच्या तीन नव्या प्रजाती मिळाल्या, हे २००९ मध्ये जाहीर झालं. पण ते जीव अंतराळातूनच आले असं सिद्ध झालं असा दावा इस्रोने केला नाही. उत्साहवर्धक, पण निर्णायक नाही, असं स्पष्ट सांगितलं. ज्यांनी प्रयोग केला त्यांनीच एवढं जपून बोलावं, याला मी शास्त्र म्हणतो.

के२-१८बी या १२४ प्रकाशवर्षं दूरच्या ग्रहाचंही तसंच. एप्रिल २०२५ मध्ये तिथे डायमिथाइल सल्फाइड या, पृथ्वीवर मुख्यतः सूक्ष्मजीव तयार करतात त्या वायूच्या खुणा दिसल्याचं जाहीर झालं आणि "जीवसृष्टी सापडली" असे मथळे आले. दाव्याची पातळी तीन सिग्मा होती, म्हणजे निव्वळ योगायोगाने असं दिसण्याची शक्यता हजारात तीन. शोध म्हणायला पाच सिग्मा लागतात, म्हणजे साधारण सतरा लाखांत एक. शिवाय हाच वायू ६७पी या निर्जीव धूमकेतूवरही आढळला आहे. वाट बघावी लागेल.

शास्त्रज्ञ फसत नाहीत असं नाही. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला वर्षानुवर्षं गूढ रेडिओ ठोके मिळत होते. २०१५ मध्ये कारण सापडलं: वेळ संपण्याआधी मायक्रोवेव्हचं दार उघडलं की ठोका यायचा. त्याच दुर्बिणीने २०१९ मध्ये प्रॉक्झिमा सेंटॉरी या सूर्याच्या सगळ्यात जवळच्या ताऱ्याच्या दिशेने ९८२ मेगाहर्ट्झचा संकेत टिपला. तोही तपासाअंती माणसांच्याच उपकरणांचा निघाला, आणि हे शोधून काढलं ते तो संकेत टिपणाऱ्या गटानेच.

मग खरं न सुटलेलं कोडं कोणतं? माझ्या मते वॉव सिग्नल हा रेडिओ संकेत. १५ ऑगस्ट १९७७, अमेरिकेतल्या ओहायोची बिग इअर रेडिओ दुर्बीण. ती ताऱ्यामागे फिरायची नाही. पृथ्वी फिरेल तसं आकाश तिच्या समोरून सरकायचं, म्हणून कोणताही दूरचा स्रोत ७२ सेकंदच दिसायचा: हळूहळू वाढणार, मध्यावर कळस, मग तसाच उतरणार. कागदावर आलं ६ईक्यूयूजे५. हे गुप्त भाषेतलं वाक्य नाही, ती तीव्रतेची मापं आहेत. १ ते ९ अंक, पुढे ए पासून अक्षरं, आणि यू म्हणजे पार्श्वभूमीच्या तीसपट. चढ-उतार अगदी आकाशातल्या स्थिर स्रोतासारखा, वारंवारता हायड्रोजनच्या १४२० मेगाहर्ट्झजवळची. जेरी एहमन यांनी समासात "वॉव" लिहिलं. पण त्या दुर्बिणीला रेडिओ लहरी पकडणारी दोन शिंगं शेजारी-शेजारी होती. एकाने पकडलेला स्रोत तीनेक मिनिटांच्या अंतराने दुसऱ्यातही दिसायलाच हवा होता. दिसला नाही. आणि पुढे कितीतरी वेळा तिकडे दुर्बिणी रोखल्या, पुन्हा कधीच आला नाही. एकदाच आलेल्या गोष्टीला दुसरा साक्षीदार नसतो, ती तिथेच अडकते.

साक्षीदार वाढवणं आपल्या हातात आहे. आपल्या जिल्ह्यातलं पेंच २०२४ च्या जानेवारीत देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं, सिल्लारीकडे अमावास्येच्या आसपास जाऊन आकाश ओळखायला शिका. चार ग्रह, अवकाश स्थानक, विमानांचे नेहमीचे रस्ते डोळ्यांत बसले की वेगळं काय आहे ते लगेच कळतं. आणि वर्धा, उमरेड, काटोल, भंडारा, जिथे कोणी ओळखीचं असेल त्यांच्याशी आत्ताच बोलून ठेवा: फोन आला की आधी घड्याळ बघायचं, मग दिशा, मग मुठी. खाली कमेंटमध्ये आपापलं गाव लिहा, म्हणजे पुढच्या वेळी कोणाला फोन करायचा ते माहीत असेल.