स्वतःच्या नजरेतून बाहेर कसं पडायचं

एकाच डोक्यात, एकाच नजरेत जन्मभर राहायचं, हे काही जणांना फार जाचतं. संध्याकाळी कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर शेकडो माणसं फिरत असतात, त्यातल्या एकाच्याही आत डोकावता येत नाही, आणि आपल्या आत काय चाललंय ते कुणाला दाखवता येत नाही. भरल्या घरातही हे वाटतं. बोलकी माणसंही यातून सुटत नाहीत. त्यावर मिळणारा सल्ला ठरलेला आहे: "दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघ." सल्ला चांगल्या मनानं दिलेला असतो, पण अपुरा आहे. तो का अपुरा पडतो हे नीट समजलं तर बाहेर पडायची वाट दिसते, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी एक प्रयोग करून बघा. कोऱ्या कागदावर डावीकडे फुली काढा आणि तिच्या उजवीकडे ८ सेंटीमीटरवर अर्ध्या सेंटीमीटरचा काळा ठिपका भरा. डावा डोळा हातानं झाका. उजव्या डोळ्यानं फक्त फुलीकडे बघत कागद हातभर अंतरावरून हळूहळू जवळ आणा. साधारण ३० सेंटीमीटरवर ठिपका नाहीसा होतो, आणखी जवळ आणला की परत दिसतो. पहिल्यांदा बहुतेकांचं फसतं, कारण नजर नकळत ठिपक्याकडे घसरते. फुली सोडायची नाही. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस जिथून बाहेर पडते, तिथं प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. आता हेच रेघांच्या वहीवर, ठिपका बरोबर रेघेवर काढून करा. ठिपका जातो, पण त्या जागी भोक दिसत नाही. रेघ सलग दिसते. मेंदूनं आजूबाजूचं बघून ती जागा भरून टाकलेली असते आणि त्याचा पत्ता आपल्याला लागू दिलेला नसतो.

माणसांबद्दलही आपण हेच करतो. समोरच्याचं जे दिसत नाही ते स्वतःजवळच्या मालानं भरतो, आणि ते त्याचंच आहे असं धरून चालतो. १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी काही लोकांना ओळखीच्या गाण्यांच्या चाली टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितल्या. ऐकणाऱ्यांपैकी निम्मे तरी गाणं ओळखतील असं वाजवणाऱ्यांना वाटलं होतं. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. घरी कुठलीही आरती अशी वाजवून बघा. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर, शब्द, झांजा सगळं चालू असतं. समोरच्याला नुसती टकटक ऐकू येते. आणि डोक्यातला तो सूर ठरवूनही बंद करता येत नाही.

म्हणूनच नुसती कल्पना करून भागत नाही. २०१८ साली ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली यांनी २५ प्रयोगांचे निष्कर्ष मांडले. दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून विचार करणाऱ्यांचे अंदाज जास्त अचूक ठरले नाहीत. नवरा-बायकोंच्या बाबतीतही नाही. अचूकपणा वाढला तो सरळ विचारल्यावर.

गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, जुना साज मोडायला नेला की हे काउंटरवरच घडताना दिसतं. आजीला आपल्या लग्नातला साज चालला याचं दुःख. नातीला नवं काहीतरी येणार याचा आनंद. मुलाचं लक्ष आजच्या भावावर. जैन आचार्य समंतभद्रांनी शेकडो वर्षांपूर्वी हाच दाखला दिलेला आहे: सोन्याचा घट मोडून मुकुट केला, तर घट हवा असणारा रडतो, मुकुट हवा असणारा हसतो, आणि ज्याला सोनंच हवं तो शांत राहतो. आणि प्रत्येकाच्या भावनेला कारण आहे, हेही त्यांनी त्याच श्लोकात सांगितलंय. एकाच गोष्टीला अनेक बाजू असतात, हा अनेकांताचा जैन विचार कोल्हापूरला परका नाही. इथं लक्ष्मीसेन भट्टारकांचा मठ आहे, आणि जैन प्राकृत ग्रंथांचे मोठे संपादक डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवली.

पण त्या काउंटरवर चौथा माणूसही आहे, सोनार. साजाचे मणी आणि पानं आतून पोकळ, त्यात लाख भरलेली असते. शिवाय जोडकामाचा टाका असतो. वितळवल्यावर लाख जाते आणि वजन उतरतं. घरच्यांना वाटतं सोनं मारलं; सोनाराला वाटतं ही माणसं उगाच संशय घेतायत. इथं कुणाचं मन समजून घेत बसण्यात अर्थ नाही. आधी लाखेसकट वजन, मग लाख काढल्यावर वजन, मग वितळवल्यावर वजन आणि शुद्धतेची तपासणी, हे सगळं गिऱ्हाइकाच्या समोर करून कागदावर लिहायचं. अनेकांत म्हणजे सगळ्यांचंच बरोबर, असा अर्थ लावला जातो तो मला मान्य नाही. कुणाचं म्हणणं कोणत्या बाजूनं खरं आहे ते ठरवायचं, आणि त्या बाजूपुरतं ते ठामपणे म्हणायचं, असा तो नियम आहे. वजनाच्या बाजूनं काटाच खरा. आजीच्या दुःखाच्या बाजूनं काट्याला काही कळत नाही.

आता उसाचा फड घ्या. आपल्या जिल्ह्यात दर हंगामात एकाच एकरात तीन वेगळी जगं उभी असतात. शेतकऱ्याला दिसते लावणीची तारीख. आडसाली ऊस पंधरा-सोळा महिन्यांच्या पुढं गेला, तुरा आला, तर वजन घटणार म्हणून त्याचा जीव खालीवर. तोड लांबली म्हणून त्यानं पाणी पाजलेलं असतं. ऊस तोडणाऱ्या मजुरांच्या टोळीला दिसते ती ओली सरी, कारण त्यात ट्रॉली रुतते आणि मग मोळ्या डोक्यावरून बांधापर्यंत न्याव्या लागतात. ऊस बुडख्याला, अगदी जमिनीलगत तोडावा असा शेतकऱ्याचा आग्रह. तोही रास्तच, कारण बुडख्यात साखर जास्त आणि वर धस, म्हणजे खुंट, राहिलं तर खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यातून येणारं पुढचं पीक, नीट फुटत नाही. पण जमिनीलगत तोडायचं म्हणजे दिवसभर जास्त वाकायचं, आणि मजुरी टनावर. वाकण्याचे वेगळे पैसे नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली, ती फेडायची तर टन पडलेच पाहिजेत. ड्रायव्हरला दिसतो कारखान्याच्या यार्डातला नंबर. त्याला पैसे मिळतात ते वाहिलेल्या मालाचे. रांगेत गेलेल्या रात्रीचे नाहीत.

या तिघांपैकी प्रत्येकाला विचारा, बाकीचे दोघे कसे आहेत. आळशी, मुजोर, लबाड, अशीच उत्तरं मिळतात. रिकामी जागा भरली गेलीय ती अशी.

मग विचारायचं कसं? इथंच बहुतेक प्रयत्न फसतात, म्हणून जरा तपशिलात जाऊया.

पहिलं, विचारण्याआधी आपला अंदाज कागदावर लिहून ठेवा. समोरचा काय सांगेल याच्या तीन ओळी पुरे. लिहिलं नाही तर उत्तर ऐकल्यावर मन लगेच म्हणतं, हे तर मला ठाऊकच होतं. बारूक फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये ही खोड दाखवून दिली. कागदावरची ओळ आणि मिळालेलं उत्तर शेजारी ठेवलं की आपली नजर कुठं संपते ते नेमकं कळतं.

"असं का केलंस?" हा प्रश्न शक्यतो टाळा. त्यात आरोप ऐकू येतो आणि माणूस सफाई द्यायला लागतो. "काल काय काय झालं?", "पहाटे किती वाजता फडात आलात?", "गाडी कधी भरली, खाली कधी झाली?" असं एका ठरावीक दिवसाबद्दल विचारा. "तुम्हाला कसं वाटतं?" यावर फडात काय किंवा घरात काय, "बरं हाय की" एवढंच उत्तर येतं. दिवसाचा क्रम सांगताना माणूस आपोआप मोकळा होतो. उत्तर संपलं असं वाटल्यावर पाच-सहा सेकंद गप्प बसा. पुष्कळदा खरी गोष्ट त्यानंतर येते.

मग त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत त्याला परत सांगा. कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञांनी भांडणात वापरायला एक नियम सुचवला होता: समोरच्याचं म्हणणं त्याचं समाधान होईल असं मांडल्याशिवाय आपला मुद्दा बोलायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं, करायला फार अवघड आहे. काही जण पोपटासारखं तेच शब्द म्हणतात. काही जण म्हणणं लंगडं करून सांगतात, म्हणजे नंतर खोडायला बरं. आणि बरेच जण शेवटी "पण" जोडतात, की आधीचं सगळं पुसलं. "हो, अगदी असंच" हे समोरच्याच्या तोंडून येईपर्यंत थांबायचं. तो म्हणाला "तसं नव्हं", तर वाईट वाटून घेऊ नका, त्याच क्षणी तुम्हाला काहीतरी नवं मिळत असतं.

आणखी एक गोष्ट, जी शिकल्या-सवरल्या माणसांच्या हमखास सुटते. टोळीचा मुकादम शेजारी उभा असेल तर मजूर खरं बोलणार नाही. मालक विचारतोय म्हटल्यावर "बरोबर हाय सायेब" असंच येईल. सासूसमोर सून, साहेबांसमोर शिपाई, सगळीकडे हेच. जागा बदला, वेळ बदला, वरचढ माणूस बाजूला असू द्या. बाईला वेगळं विचारा, आणि विचारणारीही बाईच असेल तर उत्तम. ज्याला खरं सांगितल्याचा तोटा होऊ शकतो त्याच्याकडून खरं काढून घ्यायचं असेल, तर तो तोटा होणार नाही याची जबाबदारी आधी आपण घ्यावी लागते.

घरासाठी एक छोटा उपाय. घरकामाचा किती टक्के भार आपण उचलतो, ते दोघांनी वेगवेगळ्या चिठ्ठीवर लिहायचं आणि बेरीज करायची. बेरीज बहुधा १०० च्या वर जाते. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ मध्ये जोडप्यांमध्ये हेच पाहिलं. कुणी खोटं बोलत नसतं. आपलं काम आपल्याला आठवतं, दुसऱ्याचं दिसलेलंच नसतं. भांडणात मात्र ही चिठ्ठी काढू नका, निवांत असताना करा.

काही वेळा विचारायला समोर कुणी नसतं. रात्रीचे दोन वाजलेले, झोप नाही, तेच भांडण डोक्यात फिरतंय. तेव्हा ते भांडण त्रयस्थाच्या नजरेतून लिहून काढा, असा त्रयस्थ की ज्याला दोघांचंही भलं हवंय. स्वतःला "मी" न म्हणता नावानं लिहा. एली फिंकेल यांच्या अभ्यासात जोडप्यांनी चार-चार महिन्यांनी फक्त ७ मिनिटं असं लिहिलं, वर्षाची २१ मिनिटं झाली, आणि त्यांच्या संसारातलं समाधान घसरायचं थांबलं. मात्र दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, कामातलं लक्ष गेलेलं असेल आणि कशातच मन लागत नसेल, तर यातलं काही करत बसू नका, डॉक्टरांकडे जा. सरकारची टेली मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा झाला असेल तर आजच, आत्ताच फोन करा.

राहिला खुशालीचा, म्हणजे ऊस तोडताना-नेताना शेतकऱ्याकडे वरून मागितल्या जाणाऱ्या पैशांचा प्रश्न, कारण "सगळ्यांची बाजू समजून घ्या म्हणजे मुकाट पैसे द्या का?" असं कुणीतरी विचारणारच. नाही. तोडणी-वाहतुकीचा खर्च उसाच्या बिलातून आधीच वजा झालेला असतो, त्यावर खुशाली देणं म्हणजे त्याच कामाचे पुन्हा पैसे. ड्रायव्हरची रात्र यार्डात गेली हे कळल्यानं ती मागणी रास्त ठरत नाही. तारीख, गाडी नंबर, मागितलेली रक्कम लिहून कारखान्याच्या शेती विभागाला अर्ज द्या, पोच घ्या. तिथं दाद लागली नाही तर कोल्हापुरातच प्रादेशिक साखर सहसंचालकांचं कार्यालय आहे. आणि त्याच अर्जात गाडी यार्डात किती तास उभी होती आणि त्याचे ड्रायव्हरला काही मिळाले का, हेही घाला. त्याला विचारलं नसतं तर हा मुद्दा अर्जात आलाच नसता.