'अरायव्हल' हे नाम कसं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार सर,

क्रियापद बोलताना जोर (म्हणजे आघात) त्याच्या शेवटच्या भागावर पडत असेल, तरच त्याला 'अल' लागून नाम होतं, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'अल' हा विशेषणाचा प्रत्यय, नॅशनल-म्युझिकल पाचवीतलं पोरही सांगेल, तो तुम्ही नामांत घुसडलात कसा, हा पहिला आक्षेप. दुसरा असा की आघातबिघात सांगून मुलांना गोंधळात पाडण्यापेक्षा प्रत्ययांचा तक्ता पाठ करून घ्यावा.

नॅशनल, म्युझिकल विशेषणंच आहेत, वाद नाही. पण तिथे 'अल' चिकटलाय कशाला? नेशन आणि म्युझिकला, म्हणजे नामांना. तोच अराइव्ह, रिफ्यूज, अप्रूव्ह या क्रियापदांना लागला की अरायव्हल, रिफ्यूजल, अप्रूव्हल ही नामं होतात. विमानतळावरची पाटी आठवा, 'अरायव्हल्स'. इंग्रजीत विशेषणाचं अनेकवचन कधी पाहिलंय?

आता आघात. प्रपोज, डिनाय, सर्व्हाइव्ह, रिसाइट मोठ्याने म्हणून बघा. जोर दरवेळी शेवटी पडतो. पब्लिश, प्रॉमिस, डेव्हलप यांत तो शेवटाआधीच पडून जातो, म्हणून त्यांना हा 'अल' लागत नाही. (आपण इंग्रजीही मराठीसारखं सपाट बोलतो, त्यामुळे हे कानाला जाणवत नाही, तो भाग वेगळा.) माझ्या वर्गातल्या एका मुलीने 'डेव्हलपल' लिहिलं होतं. तक्ता तिला तोंडपाठ होता. तक्त्यात 'अल' होता, तिने तो लावला. तिला काय बोलणार?

उलट बाजूने मात्र हा नियम चालत नाही, हे कबूल. एक्स्प्लेनचा जोर शेवटी असूनही 'एक्स्प्लेनल' होत नाही, एक्स्प्लनेशनच होतं. मेंटेनचं मेंटेनन्स. तिथे पाठांतराला पर्याय नाही, तुमचा तक्ता तिथे हवाच.

आणि खरं तर तुम्ही मला 'बरिअल'वर पकडायला हवं होतं. 'बरी' म्हणजे पुरणे. त्यात जोर पहिल्यावर आहे, तरी 'अल'! पण मुळात तो हा 'अल' नव्हेच. जुन्या इंग्रजीत 'बिर्गेल्स' असा एकवचनी शब्द होता. शेवटचा 'स' अनेकवचनाचा समजून लोकांनी तो छाटला आणि उरलेलं शेपूट अरायव्हल-रिफ्यूजलच्या पंगतीत जाऊन बसलं. लेखात हा अपवाद राहून गेला होता, आज घातलाय.