म्हशीचं अस्वल

घराला चार कॅमेरे बसवायचे म्हटलं की कोल्हापुरात कुणीही सरळ रस्ता सांगतो. फिटरला बोलवा, चित्रण साठवणारा डीव्हीआरचा डबा टीव्हीखाली ठेवा, त्याला चहा पाजा, विषय संपला. आमच्यात विषय संपला नाही, कारण माझा मेहुणा पुण्यात आयटीत आहे.

"दाजी, डबा कशाला घेताय? घरात जुना कॉम्प्युटर धूळ खातोय ना? त्याच्यावर व्हीएम टाका. एकदा लावलं की विसरून जायचं."

व्हीएम म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात राहणारा दुसरा, नुसता मानलेला कॉम्प्युटर. आमच्याकडे खाली मशीन, त्यावर असले मानलेले कॉम्प्युटर चालवणारं प्रॉक्समॉक्स, त्यात लिनक्सचा व्हीएम, व्हीएममध्ये सॉफ्टवेअर डबाबंद करून चालवणारं डॉकर आणि डॉकरच्या आत कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर. आज्जीच्या उतरंडीसारखं, हवं ते नेहमी शेवटच्या मडक्यात. याचे फायदे आहेत, नाही असं नाही. आतलं बिघडलं तर बाहेरचं चालू राहतं, अख्ख्या व्हीएमचा बॅकअप घेता येतो. हे सगळं मेहुण्याने मला फोनवर सांगितलं. पुण्याहून सगळंच सोपं दिसतं.

पहिल्याच रात्री मशीनचा पंखा असा ओरडायला लागला की आई आतून म्हणाली, "मिक्सर बंद कर की रं, कवाधरनं चाललाय!"

चार कॅमेऱ्यांचं दाबून पाठवलेलं चित्र उलगडायचं काम एकटा प्रोसेसर करत होता. ग्राफिक्स चिप जागची हलत नव्हती, कारण ती खऱ्या मशीनची आणि काम खोट्यात. उपाय असा की बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मुळातल्या सेटिंगमध्ये, व्हीटी-डी नावाची सोय चालू करायची आणि चिप सरळ व्हीएमच्या हवाली करायची. केली. पंखा गप्प झाला आणि त्याच क्षणी मॉनिटर काळा पडला. यात बिघाड काही नव्हता. घरात चिप एकच, ती व्हीएमला दिल्यावर खऱ्या मशीनकडे दाखवायला काही उरत नाही. पण हे आईला कोण सांगणार? "गेला बघ. मी लावतो फोन त्याला पुण्याला," म्हणून ती उठलीसुद्धा.

मग मेहुण्याने चित्रातल्या वस्तू ओळखणारी एक यूएसबी काडी पाठवली. तिची तऱ्हा अशी की लावल्याबरोबर ती एका नावाने हजेरी देते, आणि काम सांगितलं की स्वतःला रीसेट करून दुसऱ्याच नावाने उभी राहते. व्हीएमला मी पहिल्या नावाच्या पाहुण्याला आत घ्यायला सांगितलेलं. दुसऱ्या नावाच्या बाईला तो उंबऱ्यावरच उभी ठेवायचा आणि लॉगमध्ये, म्हणजे आपल्या नोंदवहीत, 'काडी सापडत नाही' म्हणून रडायचा. शेवटी नाव विचारणं सोडलं आणि यूएसबीची सगळी भोकं सांभाळणारा अख्खा कंट्रोलरच त्याला देऊन टाकला. त्याच्याबरोबर कीबोर्डही गेला. मॉनिटर आधीच काळा असल्याने कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता खरी गंमत. असली ओळखणारी बरीच सॉफ्टवेअरं २०१४ सालच्या 'कोको' नावाच्या चित्रसंग्रहावर शिकलेली असतात. त्यात ८० प्रकारच्या वस्तू आहेत. झेब्रा आहे, जिराफ आहे, बर्फावर घसरायच्या फळ्यासुद्धा आहेत. होडी आहे, ती २०१९ च्या महापुरात आम्हाला उपयोगी पडली असती. म्हैस मात्र नाही. आणि आमचं घर गंगावेशीजवळ, जिथे दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळता पेला हातात देतात! दोन्ही वेळा म्हशी आमच्या दारावरून जातात. मी हौसेने प्राणीही ओळखायला सांगितले होते. त्यामुळे सकाळी ऑफिसात फोन वाजायचा: 'गाय'. पाठोपाठ 'हत्ती'. संध्याकाळी उजेड कमी झाला की 'अस्वल, ७४ टक्के'. शेजारच्या टेबलावरचे साहेब एकदा डोकावले आणि म्हणाले, "राधानगरीच्या जंगलात राहता का हो तुम्ही?"

डिस्कचं थोडक्यात सांगतो. एक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट पाठवतो, म्हणजे दिवसाला साधारण ४३ जीबी. चार कॅमेऱ्यांनी १ टीबीची डिस्क सहावा दिवस मावळायच्या आत भरते, आणि तिच्यात निम्म्याहून जास्त म्हशी.

दिवाळीच्या पाडव्याला दुपारी लाईट गेली. कोल्हापुरात पाडवा म्हणजे म्हशींचा सगर. शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांच्या माळा, मोरपिसं, पायात तोडे. पुढे सायलेन्सर काढलेली मोटरसायकल आणि तिच्या मागे मालकाच्या हाकेवर जीव तोडून पळणारी म्हैस. लाईट आली तसे कॅमेरे मिनिटभरात जागे झाले. त्यांनी परभारे बाहेर काही पाठवू नये म्हणून मी त्यांचं इंटरनेट बंद ठेवलेलं, वेळ सांगायचं काम व्हीएमकडे. व्हीएम उठतो सगळ्यात शेवटी. कुणीच वेळ सांगेना तेव्हा कॅमेऱ्यांनी घड्याळ पहिल्यापासून सुरू केलं: १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच. कॉम्प्युटरच्या काळाचा तो शून्य. ग्रीनिचला मध्यरात्र, म्हणून आपल्याकडे साडेपाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवळी मामा दारात. त्यांची म्हैस आमच्या दारासमोरच दुसऱ्या एकीला मागे टाकून गेली होती म्हणे, आणि हरलेली पार्टी कबूल होईना. मी व्हिडिओ काढून दिला. म्हैस खरोखरच पुढे होती. मामांनी डोळे बारीक करून कोपऱ्यातली तारीख वाचली.

"सत्तर साल? आन् पहाटे साडेसहाला एवढं ऊन?"

मी ग्रीनिचपासून सुरुवात केली. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"ऱ्हाऊ दे की. सत्तर सालापासनं आमची म्हस पुढंच पळत्या म्हणून सांगतो."

तेवढ्यात त्यांचं बोट लागून पुढचा फोटो उघडला. गोंडे, मोरपिसं, रंगवलेली शिंगं, भोवती पिवळी चौकट. वरचं लेबल त्यांनी नातवाकडून वाचून घेतलं आणि माझ्याकडे वळले.

"तारखेचं असू द्या. पण ते अस्वल तेवढं आत्ताच्या आत्ता खोडा."